आठ इंची डॉब्सोनियन दुर्बीण, दोन वर्षं वापरून: घ्यावी का आणि घेऊन नक्की काय मिळतं

बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून एकदाच सविस्तर लिहितेय. नोव्हेंबर २०२३ मध्ये आम्ही आठ इंची डॉब्सोनियन दुर्बीण घेतली. आता दोन वर्षं होऊन गेली, दोन पावसाळे निघाले, तिसरा हिवाळा चालू आहे, म्हणजे नव्याची नवलाई संपून गेलीये आणि आता खरं काय ते सांगता येईल. कंपनीचं नि दुकानाचं नाव देत नाही, कारण या साईजच्या डॉब आतून जवळपास सारख्याच असतात, खाली दिलेलं सगळं थोड्याफार फरकाने कुठल्याही आठ इंचीला लागू पडेल.

ज्यांना फक्त निकाल हवाय त्यांच्यासाठी आधीच सांगते, पाचपैकी साडेचार. अर्धा मार्क वजनाचा कापला.

आता मुळात ही घ्यायचं डोक्यात कसं आलं ते. २३ ऑगस्ट २०२३, संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटं, चांद्रयान-३ उतरलं तेव्हा आम्ही सगळे टीव्हीसमोर होतो, माझी लेक तेव्हा नऊ वर्षांची, आणि मला २०१९ ची ती रात्र आठवत होती, चांद्रयान-२ चं विक्रम हे उतरणारं यान शेवटच्या दोनेक किलोमीटरवर असताना तो हिरवा ठिपका ठरलेल्या रेषेवरून सरकला आणि पूर्ण कंट्रोल रूम गप्प झाली. म्हणून या वेळी मी श्वास धरून बसले होते. उतरलं, टाळ्या झाल्या, घरात पेढे आले, सोसायटीत फटाके वाजले. आणि लेक सरळ उठून गॅलरीत गेली चंद्र बघायला. श्रावणाचे ढग होते, मधूनच अर्ध्याला आलेला चंद्र दिसायचा नि जायचा. ती म्हणाली, "आई, आत्ता तिथे आपलं काहीतरी आहे ना? मग मला तिथलं बघायचंय." टीव्हीवर दिसत होतं की! पण तिला टीव्हीवरचं नको होतं, तिला त्या गॅलरीतून दिसणाऱ्या चंद्रावरचं हवं होतं. त्या एका वाक्यावर आमची दुर्बीण आली.

खरेदीचा अनुभव चांगला नव्हता, तोही सांगते. मला सगळं धरून ४८ हजार पडले. दोन खोकी आली, एक नळीचं, एक लाकडी बैठकीचं. बैठकीचा एक बोल्ट नव्हता आणि वरचा छोटा तिरपा आरसा प्रवासात सैल होऊन फिरला होता. विक्रेत्याला फोन, मेसेज, फोटो, सगळं केलं, बोल्ट यायला तीन आठवडे लागले. तोपर्यंत कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्या काकांनी त्याच मापाचा बोल्ट पाच रुपयांत दिला. तेव्हा खोकं उघडताना व्हिडिओ काढा आणि आरसे हलतायत का ते पहिल्याच दिवशी बघा.

वस्तू काय आहे ते थोडक्यात. खाली २०३ मिलिमीटरचा गोल आरसा, नाभीय अंतर १२०० मिलिमीटर, म्हणजे नळी साधारण चार फुटांची. सोबत दोन आयपीस, म्हणजे डोळा लावायची भिंगं, २५ मिमीचा लावला की ४८ पट, १० मिमीचा लावला की १२० पट. बैठक म्हणजे गोल फळीवर फिरणारी लाकडी पेटी, हाताने ढकलायची, मोटर नाही, बॅटरी नाही, अ‍ॅप नाही. जाहिरातीत "५०० पट" वगैरे लिहिलेलं असतं तिकडे लक्षच देऊ नका, दुर्बिणीत बघायचा आकडा आरशाच्या व्यासाचा, किती पट मोठं दिसतं हा नंतरचा प्रश्न. प्रकाश गोळा झालाच नाही तर मोठं काय करणार?

मोटर नाही म्हणून काही जण नाक मुरडतात. मला उलट तीच गोष्ट सगळ्यात आवडली. १२० पटीवर गुरू मध्यभागी आणून ठेवला की मिनिटभरात तो सरकत सरकत कडेला जाऊन बाहेर पडतो. पहिल्यांदा वाटतं बैठक हलतेय. नाही हो, आपण फिरतोय, पृथ्वी फिरतेय, आपली गच्ची, पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेले कपडे, सगळं घेऊन. शाळेत पाठ केलेलं असतं, पण डोळ्याला कळतं ते इथे. पोरांना हे पुस्तकातून सांगायची गरजच उरत नाही.

आणि हो, ही ज्यांच्या नावाने ओळखली जाते त्या जॉन डॉब्सन यांच्याबद्दल दोन ओळी लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. हा माणूस कॅलिफोर्नियातल्या वेदान्त मठात वीसेक वर्षं संन्यासी होता, रामकृष्ण परंपरेतला. मठात राहून जहाजांच्या खिडक्यांच्या जुन्या काचा घासून आरसे करायचा, पुठ्ठ्याच्या नळ्या नि लाकडाचे तुकडे जोडून दुर्बिणी उभ्या करायचा आणि बाहेर नेऊन लोकांना शनी दाखवायचा. या बाहेर जाण्यामुळेच शेवटी १९६७ मध्ये मठ सोडावा लागला. मग त्याने रस्त्याच्या कडेला दुर्बीण लावून येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून चंद्र दाखवायला सुरुवात केली आणि जन्मभर तेच केलं. या रचनेचं पेटंटही घेतलं नाही. म्हणून आज एवढ्या मोठ्या आरशाची दुर्बीण मध्यमवर्गीय घरात येऊ शकते. मला तर वाटतं त्याने संन्यास सोडलाच नाही.

आता दिसतं काय. चंद्राने सुरुवात करते कारण पहिली रात्र चंद्राचीच होती. सोसायटीच्या गच्चीवर, सेक्रेटरी काकांना विचारून, किल्ली घेऊन. खाली आवाज गेला असावा, अर्ध्या तासात दहा-बारा पोरं नि त्यांचे आईबाप वर. चंद्र पौर्णिमेचा कधीही बघू नका, डोळे दिपतात नि सपाट दिसतो. सप्तमी-अष्टमीचा बघा. उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या कडा सुरीने कापल्यासारख्या उठून दिसतात, विवराच्या तळाशी काळीकुट्ट सावली आणि मधल्या डोंगराचं फक्त टोक उन्हात. क्लेव्हियस नावाचं विवर आहे दक्षिणेकडे, दोनशे किलोमीटरहून जास्त रुंद, म्हणजे पुण्याहून निघून कोल्हापूरच्या आसपास पोचलात तरी तुम्ही अजून त्याच खड्ड्यात. त्याच्या आत छोट्या विवरांची एक वाकडी रांग आहे, ती पोरांना फार आवडते.

प्रत्येक पोराचा प्रश्न एकच, "तिरंगा दिसतो का?" किंवा "विक्रम दिसतो का?" नाही दिसत. आठ इंचीतून चंद्रावरचं दीड-दोन किलोमीटरपेक्षा लहान काही सुटं दिसत नाही आणि विक्रम दोनेक मीटरचा. पृथ्वीवरच्या कुठल्याच दुर्बिणीतून दिसत नाही. पण जागा दाखवता येते. या दुर्बिणीत चित्र उलटं दिसतं, दक्षिण वर येते, तेव्हा वरच्या बाजूला जिथे विवरांवर विवरं पडून नुसता चाळणीसारखा भाग झालाय, त्याच्याही पुढे, कडेकडे, सुमारे ६९ अंश दक्षिणेला शिवशक्ती, म्हणजे चांद्रयान-३ चं विक्रम उतरलं ती जागा. मी सांगितलं की तिथे सूर्य उगवतानाच उतरवलं, कारण सगळी कामं सौर ऊर्जेवर, दिवस आपल्या चौदा दिवसांएवढा, मग तेवढीच लांब गोठवणारी रात्र आली आणि ते झोपले ते झोपलेच. एक चौथीतला मुलगा आयपीसला डोळा लावून बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "म्हणजे ते अजून तिथेच उभंय." मागची रांग थांबली होती, कुणी घाई केली नाही.

मी या क्षेत्रातली नाही, बँकेत नोकरी करते. पण माणूस अवकाशात का जातो हा प्रश्न मला आधी वर्तमानपत्रातला वाटायचा आणि दुर्बीण आल्यापासून तो घरातला झाला. कारण हे मी डोळ्यांनी बघितलंय की कुणीही माणूस आयपीसला डोळा लावतो तेव्हा दुसरं वाक्य हमखास "अजून जवळ नाही का होत?" हेच असतं. पहिलं वाक्य "अरे बापरे". दुसरं हे. दोन वर्षांत दीडदोनशे माणसांनी तरी बघितलं असेल, सात वर्षांची पोरं, दूध टाकणारे दादा, माझ्या ऑफिसातल्या मॅडम, सगळ्यांचं दुसरं वाक्य तेच. मला वाटतं सगळी यानं त्या दुसऱ्या वाक्यातून निघतात.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण शनी. आमचं गाव नारायणगावच्या पुढे, जुन्नर तालुक्यात. आम्ही राहतो त्या चिंचवडला गच्चीवरून ग्रह नि चंद्र उत्तम, बाकी आकाश दुधट, तेव्हा खरं बघायचं ते गावी. डिसेंबर २०२३ ला गाडीत घालून नेली. सासूबाई तेव्हा शहात्तरच्या. त्यांच्यासाठी शनी म्हणजे साडेसाती, शनिवारचं तेल, शिंगणापूर. नाव निघालं तरी हात जोडतात. मी म्हटलं, आई, बघता का? आधी नको म्हणाल्या. "त्याची नजर पडू नये म्हणून आम्ही एवढं करतो आणि तू डोळ्याला डोळा लावायला सांगतीस?" मी आग्रह केला नाही. नातीने बघितलं, दिराने बघितलं, शेजारच्या काकू बघून गेल्या, मग स्वतःच पदर सावरत आल्या. मी स्टूल दिलं. वाकल्या, आणि काहीच बोलेनात. मला वाटलं सापडला नाही. मी विचारलं, दिसतोय का, बारीकसा पिवळा गोल आणि त्याच्याभोवती कडं? तर हळूच म्हणाल्या, "याला उगाच घाबरलो गं आपण. केवढा देखणा आहे." शनिवारचं तेल त्या आजही घालतात, पण आता म्हणतात देखण्या देवाला घालते.

तर त्या शनीच्या बाजूला एक बारीक ठिपका दिसतो, टायटन, शनीचा सगळ्यात मोठा चंद्र. आठ इंचीत सहज दिसतो पण दिसायला अगदीच साधा, कुणालाही वाटेल एखादा फुटकळ तारा. गॅलिलिओने १६१० मध्ये त्याच्या छोट्याशा दुर्बिणीतून शनी बघितला तेव्हा त्याला कडं कळलंच नव्हतं, दोन्ही बाजूंना दोन गोळे चिकटल्यासारखे दिसले, आणि १६१२ मध्ये बघतो तर ते गायब! त्याला त्याचा अर्थ लागला नाही. पुढे हायगेन्स नावाच्या डच शास्त्रज्ञाने चांगली दुर्बीण करून टायटन शोधला आणि सांगितलं की हे सपाट कडं आहे, कधी तिरकं दिसतं, कधी कडेकडून दिसतं तेव्हा नाहीसं झाल्यासारखं वाटतं. आणि त्याच हायगेन्सच्या नावाचं यान १४ जानेवारी २००५ ला त्याच ठिपक्यावर पॅराशूटने उतरलं. कॅसिनी यानाने १९९७ पासून त्याला पोटाशी धरून सात वर्षं प्रवास करून नेलं होतं. फोटोत काय आलं, तर नारिंगी धुक्यात घरंगळून गुळगुळीत झालेले गोटे. आपल्या कुकडीच्या पात्रात असतात तसे, फक्त तिथले बर्फाचे.

मी तो फोटो फोनवर अंगणात सगळ्यांना दाखवला आणि मग परत दुर्बिणीतून तो ठिपका दाखवला. त्या क्रमाने दाखवून बघा. नुसता फोटो बघून काही होत नाही, फोटो रोज शंभर बघतो आपण. नुसता ठिपका बघूनही काही होत नाही. पण हे गोटे या ठिपक्यावरचे आहेत आणि हा ठिपका आत्ता माझ्या डोळ्यात आहे हे एकत्र आलं की अंगावर काटा येतो. कॅसिनीचं इंधन संपत आलं तेव्हा ते भरकटून शनीच्या चंद्रांवर पडू नये, कारण तिथे जीवसृष्टीला जागा असू शकते, म्हणून २०१७ मध्ये मुद्दाम शनीच्या वातावरणात घालून संपवलं. ज्याचं अस्तित्वही अजून माहीत नाही अशा जिवाला आपल्याकडून त्रास नको, म्हणून माणसाने वीस वर्षांचं यान जाळलं. मला हे फार मोठं वाटतं.

गॅलिलिओवर जी वेळ आली ती माझ्या लेकीवरही आली बरं का. २०२३ ला तिने छान कडं बघितलं होतं आणि २०२५ ला बघते तर गोळ्यातून आरपार नुसती सुई. मार्चमध्ये आपण कड्याच्या अगदी पातळीत आलो होतो आणि नोव्हेंबरमध्ये परत जवळजवळ तसंच झालं. ती म्हणाली दुर्बीण बिघडली. मग तिला पोळपाट समोर धरून, तिरका करून, कडेवर करून दाखवला.

आता पैशाचा प्रश्न, कारण तो येतोच. गावी अंगणातच एक नात्यातले मामा म्हणाले, "पोरी, शेतकऱ्याच्या कांद्याला भाव नाही आणि सरकार चंद्रावर पैसे उडवतंय, तू पण तेच चालवलंयस." त्यांचा राग खोटा नव्हता, त्या वर्षी निर्यातबंदी झालेली, कांदा चाळीत पडून होता. म्हणून मी हसण्यावारी नेलं नाही. मंगळयानाला साधारण ४५० कोटी लागले, तेव्हाच्या लोकसंख्येत वाटले तर माणशी चार रुपयेसुद्धा नाहीत, हे मी सांगितलं. पण आकड्याने माणूस पटत नाही. मग मी ओडिशाचं सांगितलं. १९९९ च्या चक्रीवादळात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. २०१९ मध्ये फनी नावाचं तसंच भयंकर वादळ आलं, तेव्हा उपग्रहांवरून वाट आधीच कळली होती, दहा लाखांहून जास्त लोक आधीच हलवले, मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. हे विक्रम साराभाईंनी सुरुवातीलाच बघितलं होतं, की आपल्याला मोठ्या देशांशी चंद्राची शर्यत लावायची नाही, आपल्या माणसांचे प्रश्न सोडवायला हे तंत्र हवं आणि त्यात आपण मागे राहायचं नाही. २१ नोव्हेंबर १९६३ ला केरळात थुंबाला पहिलं रॉकेट उडालं तेव्हा ऑफिस कुठे होतं, तर कोळ्यांच्या वस्तीतल्या चर्चमध्ये. बिशपनी गावाला विचारलं, गावाने आपलं देऊळ म्हणजे चर्च विज्ञानाला दिलं. रॉकेटचे भाग सायकलवरून नेलेले फोटो आहेत. मामांना ते सायकलचं आवडलं. म्हणाले, "म्हणजे गरिबीतूनच केलंय म्हणा."

तरी मला स्वतःला हे उत्तर पुरेसं वाटत नाही, खरं सांगते. वादळ, मासेमारी, हवामान, मोबाईल, हे सगळं खरं आहे नि फार मोलाचं आहे, पण माझी लेक गॅलरीत धावली ती चक्रीवादळासाठी नव्हे. मामासुद्धा जाताना दुर्बिणीला डोळा लावून गेले आणि त्यांचंही दुसरं वाक्य तेच होतं. "अजून जवळ येत नाही का गं?"

गावाचा विषय निघालाय तर खोडदचं सांगायलाच हवं, आमच्यापासून जवळच. जीएमआरटी, म्हणजे तिथली प्रचंड रेडिओ दुर्बीण, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, पंचवीसेक किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी उभं केलेलं काम. बशी भरीव पत्र्याची नाही, बारीक पोलादी तारांची जाळी आहे, वारा आरपार जातो, वजन कमी, खर्च कमी. लहानपणापासून लोक त्याला "डिशा" म्हणतात, द्राक्षाच्या बागेमागे एकदम एवढी मोठी बशी मान वाकडी करून उभी दिसते. बऱ्याच गावकऱ्यांना वाटतं तिथून काहीतरी सोडतात. सोडत काही नाहीत, फक्त ऐकतात. १९ ऑक्टोबर २०१६ ला युरोपचं स्कियापरेली यान मंगळावर उतरत होतं, त्याचा क्षीण आवाज पृथ्वीवर पकडला तो या खोडदच्या डिशांनी! उतरायच्या थोडं आधी सिग्नल तुटला, यान आदळलं, पण तोपर्यंत ते काय बोलत होतं ते आपल्या जुन्नर तालुक्यातून ऐकलं जात होतं. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिथे प्रदर्शन भरतं, शाळेची पोरं प्रयोग घेऊन येतात, नक्की जा, पोरांना घेऊन जा. जानेवारी २०२५ ला मंगळ जवळ आला होता तेव्हा गावच्या गच्चीवरून आम्ही तो नारिंगी गोल नि त्याच्या टोकाचा पांढरा ठिपका, ध्रुवावरचा बर्फ, बघत होतो. वर मंगळ आणि खाली लांबवर डिशांची काळी आकृती.

एक सूचना. आमच्याकडे बिबटे आहेत. रात्री उसाच्या कडेला दुर्बीण लावायचा मोह होतो कारण तिथे अंधार छान, पण अजिबात करू नका, फाटक लावून अंगणात किंवा गच्चीवरच बघा. आम्ही लहान पोरांना मधोमध ठेवतो आणि एक माणूस फक्त बॅटरी घेऊन बसतो.

आता तेजोमेघ नि दीर्घिका, म्हणजे वायू-धुळीचे ढग नि ताऱ्यांचे अफाट समूह. इथे बरेच जण हिरमुसतात म्हणून आधीच सांगून ठेवते, फोटोतले रंग दिसत नाहीत. मृगातला तेजोमेघ राखाडी-हिरवट पंखासारखा दिसतो, मधे चार ताऱ्यांची चौकट. देवयानीची दीर्घिका म्हणजे पुसट धुक्याचा लांबट डाग. फोनवर बघितलेला जांभळा-गुलाबी फोटो मनात असेल तर वाटेल एवढ्यासाठी ४८ हजार? पण त्या डागाचा प्रकाश २५ लाख वर्षांपूर्वी निघालाय, तेव्हा आपल्यासारखा माणूस पृथ्वीवर नव्हताच. मृगाचा प्रकाश निघाला तेव्हा वेरूळचं कैलास कोरायला घेतलं नव्हतं. हे माहीत असेल तर डाग डाग राहत नाही, म्हणून बघण्याआधी पाच मिनिटं वाचून घ्या. दुर्बीण अर्धंच काम करते.

देखभालीत मुख्य गोष्ट कोलिमेशन, म्हणजे दोन्ही आरसे एका रेषेत आणणं. गाडीतून नेली की दर वेळी करावं लागतं, सवय झाली की पाच मिनिटं. केलं नाही तर तारा शेपटीवाला दिसतो. पहिल्या महिन्यात मला जमत नव्हतं आणि फार वाईट वाटायचं, तेव्हा अवकाशातल्या हबल दुर्बिणीचं वाचलं. १९९० मध्ये सोडलेली एवढी महागडी दुर्बीण, २.४ मीटरचा आरसा, आणि कडेला केसाच्या पन्नासाव्या भागाएवढी चूक घासली गेली म्हणून सगळं धूसर! मग डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीर गेले, पाच वेळा यानाबाहेर पडले, जणू चष्माच बसवला, आणि त्यानंतर हबलने जे दाखवलं ते सगळ्यांना माहीत आहे. पावसाळ्यात दुर्बीण पूर्ण बंद, जून ते सप्टेंबर विसराच. आयपीसला बुरशी धरते, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, नळीला दोन्ही बाजूंनी झाकणं लावा. आरसा पुसायच्या भानगडीत पडू नका, थोडी धूळ चालते, ओरखडा चालत नाही.

पावसाळ्यावरून आठवलं. जून-जुलै २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला अंतराळ स्थानकात होते तेव्हा ते स्थानक आपल्यावरून जायचं, चारशे किलोमीटर वरून, दीड तासात पृथ्वीची एक फेरी. त्याला दुर्बीण लागत नाही, नुसत्या डोळ्यांनी ठळक तारा सरकताना दिसतो. पण आपल्याकडे ढगच ढग. एका संध्याकाळी वेळ बघून सोसायटीतली पोरं गच्चीवर जमली, भुरभुर पाऊस, वर पूर्ण करडं. पाच मिनिटांची वेळ होती. कुणीतरी मोबाईलमध्ये बघून म्हणालं, आत्ता वर आहे, आणि सगळ्या पोरांनी ढगांकडे बघून हात हलवले. मी पण हलवला.

तोटे सांगते, वजन. नळी नि बैठक मिळून वीस किलोच्या वर, लिफ्ट गच्चीपर्यंत नसेल तर शेवटचा जिना दोन माणसांनीच चढवायचा. माझी कंबर एकदा धरली होती, आठ दिवस आराम. एकट्या राहणाऱ्या किंवा पाठीचा त्रास असलेल्यांनी सहा इंची घ्या, खरंच. दुसरं, बाहेर काढल्यावर अर्धा-पाऊण तास आरसा थंड व्हावा लागतो, लगेच बघितलं तर ग्रह उकळत्या पाण्यात असल्यासारखा दिसतो. गच्चीचा स्लॅब रात्री दहापर्यंत उष्णता सोडत असतो, तेव्हा उशिरा बघा. सोबत आलेली शोधक दुर्बीण उलटं दाखवते आणि मान मोडते, वेगळा लाल ठिपक्याचा शोधक घेतला नि सुख झालं. १० मिमीचा आयपीस ठीकठाक आहे, बदलला तर बरं. फोटोग्राफीसाठी घेत असाल तर ही घेऊच नका, चंद्राचे मोबाईलने येतात तेवढेच. आणि ज्यांना आकाशातलं एकही नक्षत्र ओळखता येत नाही त्यांनी आधी साधी १० बाय ५० ची द्विनेत्री घ्या, एक हिवाळा त्यावर काढा. ऑक्टोबर २०२४ चा धूमकेतू आम्ही त्या छोट्या दुर्बिणीतूनच बघितला, डॉबमध्ये त्याची शेपटी मावतच नव्हती.

एक गोष्ट या दुर्बिणीतून दिसत नाही पण मी दर उन्हाळ्यात तिकडे नळी फिरवते. वृश्चिकाच्या वर भुजंगधारी तारकासमूह आहे, त्या दिशेला नासाचं व्हॉयेजर-१ यान गेलंय. १९७७ ला निघालेलं, आता अडीच हजार कोटी किलोमीटरच्या आसपास, त्याची हाक इकडे यायला जवळजवळ एक दिवस लागतो. त्याच्यावर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे, त्यात ५५ भाषांत नमस्कार आहेत, त्यात मराठी आहे. आणि त्यात आपल्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे! गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई. यान निघालं ५ सप्टेंबरला आणि त्या गेल्या १६ सप्टेंबरला, त्याच वर्षी. मैफल भैरवीने संपवतात आपल्याकडे, आणि त्यांची भैरवी अजून चाललीये, सूर्याच्या अंमलाबाहेर. हे मी सासूबाईंना अंगणात सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "तिकडे कोण ऐकणार?" मी म्हटलं माहीत नाही. त्या म्हणाल्या, "असू दे. गाणाऱ्याने गायचं."

सध्या मिथुनेत गुरू झकास दिसतोय, चार चंद्र रोज जागा बदलतात, त्यातल्या युरोपाकडे ऑक्टोबर २०२४ ला एक यान निघालंय, २०३० ला पोचेल, तेव्हा लेक सोळा वर्षांची असेल, तिने कॅलेंडरच्या मागच्या पानावर लिहून ठेवलंय. शनीचं कडं हळूहळू परत उघडायला लागलंय, मावळायच्या आत सासूबाईंना दाखवायचंय. येत्या शनिवारी गावी नेतोय. बैठकीचा तो पाच रुपयांचा बोल्ट मात्र आधी एकदा आवळून घ्यायचाय.